वर्तुळातली तार

१४ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच बाजूला ठेवाल, अशी मला दाट शंका आहे. फोन तर तुम्ही उचलतच नाही. माझाच काय, या टेकडीवरून येणारा कुठलाच. पण मुख्याध्यापिका माणूस कागद वाचल्याशिवाय फेकत नाही, एवढ्या एका भरवशावर लिहायला बसले आहे. हवं तर लाल पेन घेऊन चुका काढा, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी बातमी. बीकन बंद होतंय. मार्चअखेर. ज्याच्यापायी तुम्ही या घराशी बोलणं सोडलंत, तेच.

लहानपणी तुम्ही त्याला पांढरा हंडा म्हणायचात, असं अप्पा सांगतात. हंडा अजून तसाच आहे, दर दोन वर्षांनी मी रंगवून घेते. त्यातून चहूकडे रेडिओचे संदेश जातात आणि विमानाला कळतं, की आपण टेकडीच्या कुठल्या अंगाला आहोत. दरीतल्या विमानतळावर उतरायचं तर पश्चिमेकडून, दोन डोंगरांच्या मधल्या फटीतून यावं लागतं. इतकी वर्षं पायलट आमच्या शब्दावर त्या फटीत शिरत आले. आता ते काम उपग्रह करतात आणि आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं करतात. आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बंद होतंय ते बरोबरच आहे, आणि हे मी पोटतिडकीनं सांगते आहे, कारण त्यात माझा स्वार्थ आहे.

ठिकठिकाणच्या बीकनांवर घिरट्या घालून ती खरं बोलतात की नाही हे तपासणारं एक छोटं विमान असतं. त्यात मागच्या बाजूला यंत्रांसमोर तपासनीस बसतो. ती खुर्ची मला मिळाली आहे. परीक्षा दिली, मुलाखत दिली, आणि या वयात पहिली आले. नोकरीला लागल्यापासून मी खालून वर बघत आले आहे ताई. मान मोडली बघून बघून. एकदा वरून खाली बघायचं आहे. एप्रिलपासून हजर व्हायचं, अट एकच, की इथलं काम संपलेलं हवं.

आता प्रश्न अप्पांचा. क्वार्टर सोडावं लागेल, आणि मी महिन्यातले निम्मे दिवस हवेत असणार. अप्पा आधी माझे साहेब होते, मग सासरे झाले. स्क्रू कसा पिळायचा इथपासून सगळं त्यांनी शिकवलं, तेही ओरडून. तुमचा भाऊ गेला तेव्हा लोकांनी मला विचारलं, की आता माहेरी जाणार का? अप्पा म्हणाले, "सकाळची पाळी तिची आहे." मी पाळीवर गेले. त्या दिवशी दुसरं काही सुचलंही नसतं. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांना सांभाळतो, म्हणजे दोघंही एकमेकांच्या चहाला नावं ठेवतो.

तुमचा राग मला माहीत आहे. आई हॉस्पिटलात, तुम्ही शाळकरी पोर एकटी तिच्या उशाशी, आणि अप्पा इथे, बदलीचा माणूस आला नाही म्हणून. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. "आता त्या हंड्याशीच संसार करा," असं तुम्ही त्यांना म्हणालात, आणि मोठ्या झाल्यावर या टेकडीवर पुन्हा पाय ठेवला नाहीत. तुमच्या भावाच्या वेळीसुद्धा खाली स्मशानातूनच परत गेलात. त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही. पण आता हंडाच राहणार नाही. त्यांना तुमच्याकडे ठेवून घ्याल का?

उत्तराची वाट बघते.


६ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. असू दे. आता उत्तराची घाईही राहिलेली नाही.

कुणीतरी, कुठूनतरी उपग्रहांचा आवाज दाबतंय. कोण, ते आम्हाला सांगत नाहीत, आणि सांगितलं तरी मी त्याचं काय करणार? उपग्रहाचा संदेश इथपर्यंत येईतो अगदी क्षीण झालेला असतो. त्याच लहरीवर कुणी गोंगाट केला, की विमानाला तो ऐकूच येत नाही. आणि कुणी मुद्दाम खोटा संदेश सोडला, तर विमान डोंगरावर असताना बिनघोर स्वतःला समुद्रावर समजतं. परवा एका पायलटनं विमानतळाच्या टॉवरला अतिशय नम्रपणे विचारलं, "मी कुठे आहे असं तुम्हाला वाटतं?" रेडिओवर ते ऐकून मी हसले आणि मग हातातला कप खाली ठेवला.

दुपारी ऑफिसातून साहेबांचा फोन. आवाजात उत्साह नुसता उतू चाललेला.

"बाई, तुमचं म्हातारं बीकन आता सोन्याचं झालं बघा! उपग्रह बंद पडले तर तेवढाच आधार. बंद करायचा निर्णय रद्द."

"आणि माझी नेमणूक?"

"ती आहेच की. बीकन चालू आहे तोवर जरा दम धरा."

"कधीपर्यंत?"

"पुढील आदेशापर्यंत."

माझा पाळीतला जोडीदार डिसेंबरातच बदली होऊन गेला, बीकन बंदच होणार होतं म्हणून. त्याच्या जागी दुसरा माणूस मिळणार नाही, कारण कागदोपत्री हे ठिकाण अजून बंद होणाऱ्यांच्या यादीत आहे. आणि मला सोडणार नाहीत, कारण ते बंद होणार नाही. या दोन वाक्यांच्या मधोमध मी उभी आहे. वर नवीन हुकूम आला, की पहिल्या विमानापासून शेवटच्या विमानापर्यंत ठिकाण सोडायचं नाही. पहिलं विमान उजाडता उजाडता आणि शेवटचं दिवेलागणीनंतर. म्हणजे मी बाजारातसुद्धा जाऊ शकत नाही. पाण्याचा टँकरवाला सामान आणून देतो. कांदे सांगितले की साबण आणतो.

मला रडू आलं ताई. दुःखानं नाही, संतापानं. यंत्रांच्या खोलीत कपाटाएवढे दोन ट्रान्समीटर आहेत. एक चालतो आणि दुसरा नुसता तापून बसलेला असतो, पहिला बिघडला तर लागेल म्हणून. मी त्या दुसऱ्याला लाथ मारली. त्याचं काही बिघडलं नाही, माझा अंगठा सुजला.

अप्पा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. जेवताना म्हणाले, "ती खुर्ची ठेवतील का तुझ्यासाठी?"

"मार्चअखेरपर्यंत ठेवतील. मग दुसऱ्या नंबरवाल्याला देतील."

"हं," एवढंच म्हणाले, आणि ताटातली भाजी चिवडत राहिले.


२१ फेब्रुवारी

ताई,

तुम्ही वाचता आहात असं धरून चालते. न वाचणाऱ्या माणसाला लिहिण्याचा एक फायदा असतो, तो मधे बोलत नाही.

काल तपासणीचं विमान येऊन गेलं. उपग्रहांचा भरवसा नाही म्हटल्यावर सगळी जुनी बीकनं तपासून घेताहेत. मी अंगणात उभी राहून बघत होते. इतकं खालून गेलं, की खिडकीत बसलेल्या तपासनिसाचं डोकं दिसलं. माझ्या खुर्चीतलं डोकं! टेकडीभोवती त्यांनी मोठं वर्तुळ मारलं. उत्तर ठीक, पूर्व ठीक, दक्षिण ठीक. मग रेडिओवर तपासनीस म्हणाले, "बाई, पश्चिमेला तुमचं बीकन वाकडं बोलतंय." पुन्हा एक फेरी मारली, पुन्हा तेच. पश्चिम म्हणजे नेमकी ती फट.

पश्चिमेकडून बीकन वापरू नये, अशी सूचना लगेच सगळ्या पायलटांना गेली. साहेबांनी मला महिन्याभराची मुदत दिली आहे. कारण शोधा, दुरुस्त करा, चोवीस मार्चला विमान पुन्हा येईल. तेव्हाही नापास झालं तर एवढ्या जुन्या यंत्रावर कुणी खर्च करणार नाही, बंदच करून टाकू, म्हणाले. मग उपग्रह गप्प असतील तेव्हा या विमानतळावर विमानं उतरणारच नाहीत, लांबच्या विमानतळावर जातील.

मी "बघते" म्हटलं. माझा आवाज कसा आला कोण जाणे. आतून मला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

आमचा मॉनिटर, म्हणजे चूक झाली की बीकन आपोआप बंद करणारा पहारेकरी, उत्तरेला खांबावर बसलेला असतो. पश्चिमेची चूक त्याला दिसत नाही. त्यामुळे कारण शोधायचं म्हणजे हातात छोटा रिसीव्हर घेऊन वर्तुळावरून पायी फिरायचं. शोधते आहे.

अप्पांबद्दल एक सांगायचं होतं. ते विसरायला लागलेत ताई. हंड्याभोवती पांढऱ्या दगडांचं वर्तुळ आहे ना, त्याच्या आत धातूची कुठलीच वस्तू उभी करायची नाही, हा इथला पहिला नियम. संदेश धातूवर आपटून वाकडा होतो. याच माणसानं एकदा चौकीदाराचं तारेचं कुंपण स्वतःच्या हातांनी उपटून दरीत फेकलं होतं. कपडे वाळत घालायलासुद्धा आम्ही नायलॉनची दोरी वापरायचो. तर अलीकडेच अप्पांनी ती दोरी काढली आणि क्वार्टरच्या कोपऱ्यापासून थेट वर्तुळाच्या आतल्या लाकडी खांबापर्यंत चांगली जाड लोखंडी तार ताणून दिली. विचारलं तर म्हणाले, चादरी ओल्या झाल्या की दोरी झोल खाते. त्या तारेचा या चुकीशी संबंध असेलच असं नाही, मी आपली त्यांच्या डोक्याची गोष्ट सांगते आहे. म्हातारपणी एकदा नियम विसरायला लागले, की पुढे माणसंही विसरतात. तोंड ओळखीचं आहे तोवर भेटून घ्यावं, असं मला वाटतं. पुढे तुमची मर्जी.


८ मार्च

ताई,

तुमचं पत्र टँकरवाल्यानं बटाट्यांबरोबर दिलं. एकच ओळ. "विसरू लागले असतील तर ठेवून घेईन." खाली सहीसुद्धा नाही. तरी मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि अप्पांना न दाखवता उशीखाली ठेवलं.

आता तुमच्याशी खोटं बोलवत नाही.

पश्चिमेच्या चुकीचं कारण ती तारच आहे. तुम्हाला मागचं पत्र लिहिलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. दुपारी अप्पा झोपले होते. मी तारेचं एक टोक खांबावरून सोडलं आणि रिसीव्हर घेऊन फिरून आले, काटा एकदम शांत. मग तारेवर टॉवेल होते, ते गोळा करून घरात नेले. परत येऊन बराच वेळ खांबाशी उभी राहिले. आणि तार पुन्हा होती तशी अडकवली. पुन्हा फेरी मारली, काटा थरथरायला लागला. तेवढंच बघायचं होतं असं स्वतःला सांगितलं. पण बघून झाल्यावर मी ती सोडली नाही.

साहेबांना कळवलं, की कारण अद्याप सापडलेलं नाही.

रोज सकाळी मी त्याच तारेवर कपडे वाळत घालते. चिमटे लावते. असे कपडे धुतेय, की विचारू नका. धुतलेल्या चादरी पुन्हा धुतल्या. अप्पा खुर्ची टाकून बघत बसतात आणि म्हणतात, "आज वारा चांगला आहे."

एखाद्या म्हाताऱ्याच्या विसराळूपणामुळे माझी सुटका होत असेल, तर मी कोण तिला नाही म्हणणारी? मी काही केलेलं नाही. फक्त केलेलं काढलेलं नाही. असं दिवसभर मनात घोळवते, आणि रेडिओवर विमानाचा आवाज आला की हातातलं काम सोडून ऐकत राहते.

हे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. तुम्हाला सांगते, कारण या बीकनचा तुमच्याइतका दुस्वास दुसरं कुणी करत नाही. तुम्ही तरी मला दोष देणार नाही.


१७ मार्च

ताई,

हे पत्र कदाचित नीट जुळणार नाही. जसं आठवेल तसं लिहिते.

परवा सकाळपासून दरीत धुकं होतं आणि उपग्रहांचा पत्ता नव्हता. दहाच्या सुमाराला रुग्ण घेऊन येणारं छोटं विमान आलं. आपल्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं होतं कुणाला तरी. पायलट बाई होती. टॉवरनं सांगितलं, की पश्चिमेकडून बीकन वापरता येत नाही, सूचना आहे. ती म्हणाली, "मला बीकन ऐकू येतंय, छान स्पष्ट येतंय." टॉवर म्हणाला, "स्पष्ट आहे, पण बरोबर नाही." मग म्हणाली, "ठीक आहे, मी लांबच्या विमानतळावर जाते. तिथून गाडीनं आणतील." इतक्या साध्या आवाजात, जणू बस चुकली आहे.

मी तिथेच उभी होते ताई. पळत जाऊन तार सोडली असती, तरी पुन्हा तपासणी झाल्याशिवाय सूचना मागे घेतली नसती. काही उपयोग नव्हता. मी जागची हललेही नाही. संध्याकाळी टॉवरला फोन करून विचारलं, त्या रुग्णाचं काय झालं? तिथला पोरगा म्हणाला, "आपल्याला ते कधी कळत नाही हो." खरंच आहे, आजवर कधीच कळलं नाही आणि आजवर मी कधी विचारलंही नव्हतं.

काल सकाळी अप्पांसमोर जाऊन बसले.

"अप्पा, ही तार का लावलीत?"

"सांगितलं ना. चादरी."

"वर्तुळ विसरलात तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा नवी उमेदवार झाले.

"मला विसरायला काय झालंय? तार आडवी आहे, ते बघितलंस? उभी असती तर काही बिघडलं नसतं. तुला शिकवलं होतं मी, आडव्या तारेशी खेळायचं नाही. उत्तरेच्या रोखाला तिरकी ठेवली, म्हणजे तिथल्या मॉनिटरला पत्ता लागू नये. उंची ठरवायला दोन दिवस गेले माझे. गुडघे बोलतायत अजून. आणि तुला एवढं साधं शोधायला इतके दिवस लागले?"

"मला तेव्हाच सापडलं होतं."

"मग काढली का नाहीस?"

आम्ही दोन चोर, एकाच घरात चोरी करायला आलेले, समोरासमोर बसलो होतो. शेवटी तेच म्हणाले, "तुझी खुर्ची जाऊ नये म्हणून केलं. तू लाथ मारलीस ना त्या ट्रान्समीटरला, तेव्हा ठरवलं."

"आणि कालचं विमान?"

"त्याला दुसरा विमानतळ आहे. टाकीत इंधन आहे. टॉवर आहे. विमानवाले प्रत्येक गोष्टीला पर्याय धरून चालतात. तुला नाही पर्याय. तुझं वय निघून जाईल इथे."

"त्यात रुग्ण होता अप्पा."

ते हाताची नखं बघत बसले. मी थांबायला हवं होतं, पण माझ्या जिभेला कुठलं हाड.

"मग सासूबाईंच्या वेळी का नाही? तेव्हाही विमानांना पर्याय होतेच की. एक बटण दाबून खाली उतरायचं होतं. ताई एकटी होती तिथे."

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. म्हणाले, "तेव्हा मला वाटायचं, मी नसलो तर विमानं पडतील."

मग उठले, कानटोपी घातली आणि दारातून वळून म्हणाले, "त्या दिवशी एकही विमान आलं नाही. ढग होते. सगळी रद्द. मी दिवसभर रिकाम्या आभाळाला दिशा सांगत बसलो होतो."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. तुम्हाला सांगायचं की नाही, यावर मी रात्रभर तळमळले. सांगितलं तर तुमचा राग दुप्पट होईल. न सांगितलं तर तुम्ही विसरलेल्या म्हाताऱ्याला ठेवून घ्याल, आणि तसा म्हातारा इथे कुणी नाही. तुमचे वडील काहीही विसरलेले नाहीत ताई. एक दिवससुद्धा.


२५ मार्च

ताई,

तार मी काढली. अप्पांच्या समोर, भरदिवसा, ओल्या चादरी खाली टाकून. ते म्हणाले, "मूर्ख आहेस." मी म्हटलं, "असेन. पण त्या खुर्चीत बसून मला दुसऱ्यांची बीकनं तपासायची आहेत. खरं बोलतंय की खोटं, ते सांगायचं आहे. स्वतःचं वाकडं करून तिथे बसले, तर कुणाला कुठल्या तोंडानं नापास करू?" ते म्हणाले, "सगळे बसतात." मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही बसलात?" त्यावर ते आत निघून गेले.

काल विमान आलं. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम, सगळं ठीक. तपासनिसांनी रेडिओवर विचारलं, "काय सापडलं बाई?" मी सांगितलं, "कपडे वाळत घालायची तार." पलीकडे हशा पिकला. मलाही हसू आलं. साहेबांना मात्र आलं नाही. त्यांचा फोन पाठोपाठ.

"वर्तुळात तार? कुणी लावली?"

अप्पा दारात उभे होते. पुढे यायला निघाले होते, मी हातानं थांबवलं.

"मी."

हे अगदीच खोटं नव्हतं. शेवटची अडकवली ती मीच. साहेब म्हणाले, "जी बाई बीकनच्या वर्तुळात चादरी वाळत घालते, तिला मी तपासनीस म्हणून विमानात बसवू? तुम्हीच सांगा." खुर्ची दुसऱ्या नंबरवाल्याला गेली, आणि पुढच्या वेळचं माझं नावही त्यांनी खोडलं. बीकन पास झालं म्हणून हे ठिकाण बंद होणाऱ्यांच्या यादीतून निघालं. दुसरा माणूस मागितला, तर म्हणाले विचार करू.

पश्चिमेची सूचना लगेच मागे घेतली, आणि संध्याकाळी रुग्णांचं विमान येऊन उतरलं. पायलट तीच बाई होती. फटीत शिरताना म्हणाली, "बीकन छान येतंय." मला आनंद झाला, हे कबूल करते. आणि त्या आनंदाचाही राग आला.

अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. चहा करतात, माझ्या पुढ्यात आदळतात. पूर्वीपेक्षा बरा करतात, पण ते सांगायची सोय नाही.


२ एप्रिल

ताई,

तुमचं दुसरं पत्र मिळालं. पुन्हा एकच ओळ. "विसरले नसले तरी पाठव."

या वेळी अप्पांना दाखवलं. चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले, "सगळं सांगितलंस तिला? ढगांचंसुद्धा?" मी हो म्हटलं. त्यांनी उठून कपाट उघडलं आणि बॅग भरायला घेतली. म्हणाले, "मी गेलो म्हणजे तुझ्या मागचं एक तरी लचांड कमी होईल." मी म्हटलं, "अप्पा, मी तुमच्यामुळे अडकलेली नाही आता." ते म्हणाले, "माहीत आहे. पण मला मुलीकडे जायचंय." शर्टाच्या घड्या घालत होते, माझ्याकडे न बघता. मी मागे जानेवारीत याच गोष्टीसाठी तुमच्या हातापाया पडत होते, आणि आता त्यांच्या बॅगेकडे बघवत नाही. ते गेल्यावर माझ्या चहाला नावं कोण ठेवणार? पण जाऊ दे, तुमच्याइतकी वाट मी बघितलेली नाही.

एक अडचण आहे. त्यांना एकट्याला प्रवास झेपत नाही. गुडघे गेलेत, आणि अनोळखी जागी ते गोंधळतात, कबूल करत नाहीत एवढंच. टँकरवाल्याच्या भरवशावर मी त्यांना पाठवणार नाही. मी येऊ शकत नाही. साहेबांकडे एक दिवस मागितला, निम्मा मागितला, म्हातारा माणूस आहे, गाडीत बसवून येते म्हटलं. म्हणाले, बदलीचा माणूस नाही.

हे वाक्य तुम्ही पूर्वी ऐकलेलं आहे, ते लिहिताना माझा हात थांबला. पण दुसरं कुठलं वाक्य माझ्याजवळ नाही.

म्हणून तुम्हालाच वर यावं लागेल. रस्ता आता पक्का झाला आहे, गाडी थेट फाटकापर्यंत येते. अप्पांना क्वार्टरपासून तिथवर खाली हात धरून आणावं लागेल, पायऱ्या उंच आहेत. मी फाटकापर्यंत सोडायला येईन. त्याच्या पुढे मला येता येत नाही.